ओलं लाकूड शोधा : सीबीडी तेल, केस आणि प्रमाणविचार



आपल्या या व्याख्यानमालेत प्रत्यक्ष, अनुमान, शब्द ही प्रमाणं आपण बहुतेक वेळा आत्मा, ईश्वर, पुनर्जन्म असल्या भारदस्त विषयांना लावून पाहतो. आज विषय साधा आहे, अगदी डोक्यावरचा. सीबीडी तेल लावल्यानं केस येतात का? टाळूची खाज, कोंडा जातो का? अलीकडे व्याख्यान संपल्यावर तरुण मंडळी हे विचारतात, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या आया विचारतात.

तत्त्वज्ञानाच्या व्यासपीठावर तेलाच्या बाटलीचं काय काम, असं कुणाला वाटेल. काम आहे. कारण "या तेलानं गुण येतो का" या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला आहे: एखाद्या उपायानं गुण येतो हे आपल्याला कळतं तरी कसं? हा दुसरा प्रश्न आपल्याकडच्या नैयायिकांनी शेकडो वर्षं घासूनपुसून लख्ख करून ठेवलेला आहे. ते हत्यार आज वापरून पाहू.

आधी वस्तू ओळखू

न्यायदर्शनाची शिस्त अशी की आधी वस्तूचं नाव घ्यायचं, मग तिचं लक्षण सांगायचं, आणि मगच परीक्षा करायची. उद्देश, लक्षण, परीक्षा. बाजारात नेमकी मधली पायरी गाळली जाते. एकाच हिरव्या पानाचं चित्र छापलेल्या बाटल्यांत तीन निरनिराळ्या वस्तू असतात.

पहिली वस्तू म्हणजे भांगेच्या बियांचं तेल, ज्याला हेम्प सीड ऑइल म्हणतात. जवस किंवा करडईसारखं बी दाबून ते काढतात. कुमाऊंमध्ये याच बियांची चटणी करतात. या तेलात निम्म्याहून जास्त लिनोलिक आम्ल असतं, ओमेगा-३ असतं. तेल म्हणून ते चांगलंच आहे. पण बियांत सीबीडी जवळजवळ नसतंच.

दुसरी वस्तू म्हणजे खरं सीबीडी तेल. झाडाच्या फुलोऱ्यावर आणि पानांवर राळेच्या बारीक ग्रंथी असतात. त्यांतून अर्क काढतात आणि तो एखाद्या साध्या तेलात मिसळतात. सीबीडी म्हणजे कॅनाबिडिऑल. इलिनॉय विद्यापीठातल्या रॉजर अ‍ॅडम्स यांनी १९४० साली ते वेगळं केलं. त्याची रचना १९६३ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशूलम यांनी उलगडली, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं टीएचसी शुद्ध रूपात वेगळं काढलं. भांगेची नशा येते ती या टीएचसीमुळे. सीबीडीनं तशी नशा येत नाही.

तिसरी वस्तू म्हणजे "विजया" या नावानं मिळणारा सबंध पानांचा अर्क. त्यात सीबीडीबरोबर टीएचसीही असू शकतं.

म्हणून बाटली हातात घेतलीत की पानाचं चित्र बघू नका. सीबीडी किती मिलिग्रॅम, हे लिहिलंय का ते बघा. समजा ३० मिलिलिटरच्या बाटलीत १५०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम, ५ टक्के. आकडाच नसेल, नुसतं "हेम्प" लिहिलं असेल, तर बहुधा तुम्ही बियांचं तेल विकत घेताय. घ्या खुशाल, पण सीबीडीच्या भावानं घेऊ नका.

केसाचं स्वतःचं पंचांग

आता दुसरी बाजू, केसाची. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केसाचं मूळ आपापल्या चक्रात फिरत असतं. वाढीचा काळ २ ते ६ वर्षं, मग दोन-तीन आठवड्यांचा उतरता काळ, मग सुमारे तीन महिने विश्रांती, आणि मग तो केस गळतो, खालून नवा येतो. दिवसाला ५० ते १०० केस गळणं हे या चक्राचंच लक्षण आहे, आजाराचं नव्हे. वाढीचा वेग महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर.

हे चक्र नीट लक्षात ठेवा, पुढची सगळी गडबड त्याच्यामुळे होते. मोठा ताप, डेंग्यू, बाळंतपण, शस्त्रक्रिया, एकदम घटवलेलं वजन, जबर मानसिक धक्का यांपैकी काही झालं की पुष्कळ केस एकदमच विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. बाई घाबरते. फणीत पुंजकेच्या पुंजके. पण कारण दूर झालेलं असेल तर बहुतेकांचे केस पुढच्या काही महिन्यांत आपोआप परत येतात. कुणी काही लावो अथवा न लावो.

आता बघा, माणूस तेल कधी आणतो? गळती ऐन भरात असताना. आणि गुण कधी दिसतो? जेव्हा गळती तशीही थांबणारच होती तेव्हा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. आपल्या शास्त्रकारांनी याला काकतालीय न्याय म्हटलं आहे.

बुलढाण्याचं उदाहरण

हे पुस्तकी वाटू नये म्हणून आपल्याच महाराष्ट्रातली गोष्ट घेऊ. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. काही दिवसांत टक्कल. कुणी पाण्याला दोष दिला, कुणी शाम्पूला, कुणी बुरशीला. पथकं आली, नमुने गेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणी करून बोट दाखवलं ते रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे. काहींच्या डोक्यावर काही आठवड्यांत केस पुन्हा दिसूही लागले.

आता एक कल्पना करा. त्या आठवड्यांत एखादा विक्रेता गावात पोचला असता आणि त्यानं घरोघरी तेल वाटलं असतं, तर? ज्यांचे केस परत आले त्यांनी शपथेवर सांगितलं असतं की तेलानं आले. ते खोटं बोलले नसते. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तरी निष्कर्ष चुकला असता. प्रत्यक्ष खरं आणि अनुमान खोटं, हे असं होतं.

आनंद नावाचा रेणू

मग सीबीडीच्या बाजूनं काहीच नाही का? आहे, आणि ते प्रामाणिकपणे मांडलं पाहिजे.

आपलं शरीर स्वतःच भांगेसारखे काही रेणू तयार करतं. त्यांतला पहिला १९९२ मध्ये मेशूलम यांच्या प्रयोगशाळेत सापडला. त्याला नाव दिलं "आनंदामाइड", आपल्या संस्कृतातल्या आनंदावरून. हे रेणू ज्या ग्राहकांवर बसतात ते मेंदूत आहेत, तसे त्वचेत आणि केसांच्या मुळांतही आहेत. जाहिरात इथेच थांबते आणि म्हणते: बघा, केसाच्या मुळातच भांगेची जागा निसर्गानं करून ठेवली आहे!

पण थांबू नका, पुढचं वाचा. २००७ साली हंगेरीतल्या आणि जर्मनीतल्या संशोधकांनी माणसाच्या केसांची मुळं बशीत वाढवून पाहिली. आनंदामाइड आणि टीएचसी या दोन्हींनी केसाची वाढ मंदावली. वाढवली नाही, मंदावली. सीबीडी त्या ग्राहकाला तसं चेतवत नाही, उलट काही प्रमाणात अडवतं. म्हणून त्यानं वाढीला मदत होईल, असा तर्क आहे. तर्क सुंदर आहे. पण तर्क म्हणजे प्रमाण नव्हे. नैयायिकांनीसुद्धा तर्काला प्रमाणाचा मदतनीस म्हटलं आहे, प्रमाण म्हटलेलं नाही. कुलूप दिसलं म्हणजे हातातली किल्ली त्याचीच आहे, हे ठरत नाही.

टाळूच्या बाबतीत पाया थोडा बरा आहे. हंगेरीतल्याच संशोधकांनी २०१४ साली दाखवलं की त्वचेतल्या तैलग्रंथींच्या पेशींवर सीबीडी घातलं तर त्या कमी तेल करतात आणि दाहही कमी होतो. तेलकट, खाजऱ्या टाळूसाठी ही आशेची गोष्ट आहे. पण तीही बशीतल्या पेशींची. बशीतून डोक्यापर्यंतचा रस्ता लांब आहे.

पस्तीस माणसं आणि ९३.५ टक्के

आता तो प्रसिद्ध आकडा. २०२१ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अनुवंशिक टक्कल असलेले ३५ जण. त्यांनी दिवसातून एकदा, सुमारे ३ ते ४ मिलिग्रॅम सीबीडी असलेला हेम्पचा अर्क सहा महिने डोक्याला लावला. टक्कल जिथे जास्त होतं तिथले केस आधी मोजले, नंतर मोजले. सरासरी वाढ ९३.५ टक्के.

ऐकायला भारी वाटतं. शंभरातले त्र्याण्णव! पण हे शंभरातले त्र्याण्णव नाहीत. विरळ जागेवर एका लहान चौकोनात १० केस होते आणि ते १९ झाले, तर वाढ ९० टक्के. आरशात ते दिसेलच असं नाही. टक्का ऐकला की मूळ रकमेची चौकशी करावी, हे बँकेत आपल्याला कळतं. औषधाच्या दुकानात मात्र विसरायला होतं.

यापेक्षा मोठी गोष्ट दुसरीच आहे. या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता.

ओलं लाकूड

इथे नैयायिकांना बोलवू. कार्यकारण ठरवायला ते दोन गोष्टी मागतात. अन्वय म्हणजे कारण असेल तिथे कार्य आहे. व्यतिरेक म्हणजे कारण नसेल तिथे कार्य नाही. तेल लावलं, केस आले, हा झाला अन्वय. तेल लावलं नाही आणि केस आले नाहीत, हा व्यतिरेक. ज्या अभ्यासात तुलनेचा गटच नाही त्याला एकच पाय आहे. युरोपात जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ मध्ये भेदाची पद्धत म्हणून मांडली ती हीच.

आणि त्याच्याही पुढे जाऊन आपल्या लोकांनी एक फार मोलाची कल्पना दिली, उपाधी. धूर दिसला की अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण उलटं, अग्नी आहे म्हणून धूर असणार, हे चूक. का? लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा बघा. अग्नी आहे, धूर नाही. धूर येतो तो ओल्या लाकडामुळे. अग्नी आणि धूर यांच्या मध्ये गुपचूप बसलेलं हे ओलं लाकूड म्हणजे उपाधी. आजचे संख्याशास्त्रज्ञ ज्या लपलेल्या कारणाला वेगळं इंग्रजी नाव देतात, ते हेच.

तर मग सीबीडी तेल आणि केस यांच्या मध्ये ओलं लाकूड कोणतं? मोजू या. रोजचा मालिश. टाळूकडे प्रथमच गेलेलं लक्ष. त्याच सुमारास बदललेला शाम्पू. सुधारलेला आहार. केसाचं ते नैसर्गिक चक्र. आणि बरं व्हायची मनापासून इच्छा, जी मोजणाऱ्याच्या डोळ्यातही उतरते.

हे वेगळं करता येतं का? येतं. मिनॉक्सिडिलचं उदाहरण घ्या. मूळचं ते रक्तदाबाचं औषध. खाणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले म्हणून त्याचं लावायचं औषध झालं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३९३ पुरुषांचे तीन गट केले. एकाला ५ टक्के मिनॉक्सिडिल, एकाला २ टक्के, एकाला नुसतं द्रावण. ४८ आठवड्यांनी दर चौरस सेंटिमीटरला सरासरी वाढ किती? १८.६, १२.७ आणि ३.९ केस.

तो शेवटचा आकडा पुन्हा ऐका. औषध नसलेल्या बाटलीनंसुद्धा जवळजवळ चार केस वाढले! ते ओल्या लाकडाचे केस. ते वजा केले तरी १८.६ वाल्या गटात भरपूर उरतात, म्हणून मिनॉक्सिडिलला आपण औषध म्हणतो. त्या ३५ जणांच्या अभ्यासात वजा करायला काहीच नव्हतं. म्हणजे सीबीडी खोटं ठरलं का? नाही. सिद्ध झालेलं नाही, एवढंच. "असिद्ध" आणि "बाधित" हे दोन वेगळे दोष आहेत, हे वर्गात आम्ही वर्षानुवर्षं घोकून घेत होतो.

टाळूचंही तेच. २०२० साली एक अभ्यास आला. टाळूचा सौम्य-मध्यम सोरायसिस किंवा तेलकट कोंड्याचा दाह असलेल्या ५० जणांनी १४ दिवस सीबीडीचा शाम्पू वापरला; लाली, खवले, खाज कमी झाली. पण तुलनेचा गट इथेही नाही. नियमितपणे डोकं धुणं हाच कोंड्यावर एक उपाय आहे, हे विसरू नका.

आप्त कोण?

आता शब्दप्रमाण. आप्ताचं वचन प्रमाण. पण आप्त कोण? ज्याला विषय स्वतः माहीत आहे आणि जसं आहे तसं सांगायची ज्याची इच्छा आहे तो. दोन्ही अटी हव्यात.

जाहिरात म्हणते, हजारो वर्षांची परंपरा. अथर्ववेदात भांगेचं नाव आहे, खरं. भावप्रकाशात तिचे गुण दिले आहेत, तेही खरं. पण तिथे भर आहे पचन, अग्नी, मद यांवर. केसांसाठी आपल्या परंपरेनं नावं घेतली ती माका, आवळा, जास्वंद यांची. आणि सीबीडी तर १९४० साली वेगळं झालेलं. झाडाचं वय रेणूला लावता येत नाही. आजोबांची पुण्याई सांगून नातवाला नोकरी मागण्यासारखं आहे ते.

लेबलाचं वचन? २०१७ साली अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली गेली. लेबलावर लिहिलेलं प्रमाण साधारण ३१ टक्के उत्पादनांतच बरोबर निघालं. १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं.

कुणी म्हणेल, पैसे लावणाऱ्या कंपनीचं संशोधन सगळं खोटंच. तसंही नाही. खोबरेल तेल केसांतल्या प्रथिनांची झीज कमी करतं, हे दाखवणारा २००३ चा प्रसिद्ध अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्या मुंबईतल्या संशोधन विभागातूनच आला होता. सूर्यफूल आणि खनिज तेल शेजारी ठेवून त्यांनी तुलना केली. बोलणाऱ्याचा स्वार्थ आहे म्हणून विधान खोटं ठरत नाही. पुरावा जास्त कडक मागावा, एवढंच ठरतं. आणि लक्षात घ्या, ते संशोधनही असलेल्या केसाची झीज कमी होते असं म्हणतं. नवा केस उगवतो असं म्हणत नाही.

मग करायचं काय?

आता व्यवहाराचं बोलू.

कोंडा असेल तर कोणतंही तेल चोपडून रात्रभर ठेवू नका. कोंड्यामागे मॅलासेझिया नावाची यीस्ट असते आणि ती टाळूवरच्या तेलावरच जगते. कोंड्याला तेल म्हणजे मुंग्यांना साखर. किटोकोनॅझोलसारखा औषधी शाम्पू आधी.

केस गळत असतील तर आधी मागचे तीन-चार महिने आठवा. ताप? बाळंतपण? उपासतापास? हिमोग्लोबिन, लोह, थायरॉइड तपासून घ्या. कपाळावरून, भांगातून हळूहळू विरळ होत असेल तर मिनॉक्सिडिलसारखे तपासलेले उपाय डॉक्टरांना विचारून घ्या. गोल चकती पडली, म्हणजे चाई असेल, तरी त्वचारोगतज्ज्ञच. आणि जिथे केस गेले तिथली त्वचा गुळगुळीत, चकचकीत, दुखरी किंवा व्रणासारखी दिसत असेल तर एक आठवडाही तेलात घालवू नका. तशा प्रकारात केसाचं मूळच नष्ट होतं, आणि नष्ट झालेलं मूळ परत येत नाही.

एवढं सगळं करूनही सीबीडी लावून पाहायचं असेल तर? पाहा. त्वचेवर लावण्यात धोका थोडा आहे. पुरळ-खाज येतेय का, ते कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. पिण्याची गोष्ट वेगळी. एफडीएनं २०१८ साली दुर्मीळ अपस्मारासाठी सीबीडीचं औषध मंजूर केलं, ते भक्कम चाचण्यांवर. पण ती मात्रा दिवसाला शेकडो मिलिग्रॅमची असू शकते, आणि त्यात यकृताची तपासणी करत राहावी लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशीही त्याची ओढाताण होते. तेव्हा केसांसाठी म्हणून पोटात घेऊ नका.

कायद्याचंही सांगतो. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा; फुलोऱ्याशिवायची पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. त्या फटीतून पानांच्या अर्काची औषधं आयुर्वेदिक परवान्यावर बनतात. विजया ही औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टात आहे, म्हणून पोटात घ्यायच्या औषधाच्या लेबलावर वैद्यकीय देखरेखीची सूचना हवीच. परवाना क्रमांक आणि प्रयोगशाळेचा अहवाल मागा. आणि मुलाबाळांकडे दुबईला, सिंगापूरला जाताना ही बाटली सामानात टाकू नका. तिकडचे कायदे फार कडक आहेत.

आणि प्रयोग करायचा तर प्रयोगासारखा करा. पहिल्या दिवशी भांगाचा फोटो, तीच जागा, तोच उजेड. बाकी काही त्याच वेळी बदलायचं नाही. मोठ्या आजारानंतरच्या सहा महिन्यांत सुरू करायचं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो, आणि तो दुसऱ्या कुणाकडून पाहून घ्या, कोणता आधीचा ते न सांगता. दोन थेंबांऐवजी दहा लावले तर पाचपट केस येतील, असंही समजू नका.

शेवटी एक. टक्कल हा आपल्याकडे विनोदाचा विषय आहे. पण ज्या मुलाचं स्थळ केसांमुळे परत जातं, जी बाई केमोनंतर आरसा टाळते, तिला तो विनोद वाटत नाही. या दुखऱ्या जागेवरच बाजार बोट ठेवतो. म्हणून अशा माणसाला "असल्या तेलानं काही होत नाही" म्हणून झटकून टाकू नका, आणि "लावून बघ, काय बिघडतंय" असंही सहज म्हणू नका. कधी कधी बिघडतं. पैसे जातात ते परत मिळवता येतात. ज्या महिन्यांत मूळ वाचलं असतं ते महिने परत मिळत नाहीत. आशा जरूर ठेवावी. फक्त तिला मुदत घालावी, आणि शेजारी ओलं लाकूड कुठे आहे ते एकदा बघून घ्यावं.